मद्यविक्रीचा परवाना आणि प्रारंभिक भांडवल : नाशिक परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

परमिट रूम वा बार सुरू करण्यासाठी लागणाऱ्या प्रारंभिक भांडवलाचा विचार सामान्यतः व्यवस्थापनशास्त्राच्या अंगाने केला जातो. जागा, सजावट, फर्निचर, मद्यसाठा व नोकरवर्ग यांचा खर्च मांडून अंदाजपत्रक पूर्ण झाले असे मानले जाते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहिले आहे. ब्रिटिश अबकारी व्यवस्थेपासून आजपर्यंत नाशिक परिसरात मद्यविक्रीच्या व्यवसायात प्रवेश करण्याची किंमत बाजारापेक्षा शासनानेच अधिक ठरविली आणि त्या किमतीमुळेच या व्यवसायात कोण येईल व कोण बाहेर राहील हे निश्चित झाले, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : अबकारी, परवाना, प्रारंभिक भांडवल, दारूबंदी, परमिट रूम, द्राक्ष प्रक्रिया धोरण.

प्रस्तावना

नाशिक हे एकाच वेळी तीर्थक्षेत्र, औद्योगिक शहर आणि द्राक्षांचा जिल्हा आहे. गोदावरीच्या काठी दर बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो, मुंबई-आग्रा महामार्ग शहराच्या मध्यातून जातो, आणि निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांनी गेल्या पाव शतकात वाईन उद्योगाला जन्म दिला आहे. मद्याविषयीच्या नैतिक आक्षेपाची आणि मद्यापासून मिळणाऱ्या उत्पन्नाची परंपरा येथे शेजारी शेजारी नांदते. त्यामुळे मद्यविक्रीच्या व्यवसायाचे अर्थकारण तपासण्यासाठी नाशिक हे योग्य क्षेत्र ठरते.

कोणत्याही व्यवसायाचा प्रारंभिक खर्च ढोबळमानाने चार शीर्षांखाली मांडता येतो : जागा व बांधणी, शासकीय परवानग्या, विक्रीचा साठा, आणि धंदा स्थिर होईपर्यंत पुरेल असे खेळते भांडवल. किराणा दुकान, खानावळ वा छापखाना यांच्या बाबतीत दुसरे शीर्ष सर्वांत लहान असते. मद्यविक्रीच्या बाबतीत मात्र तेच उरलेल्या तीन शीर्षांचे स्वरूप ठरविते. परवाना मिळाल्याशिवाय साठा घेता येत नाही, तो कोठे मिळेल यावर जागेची निवड अवलंबून असते, आणि तो कधी मिळेल यावर खेळत्या भांडवलाची गरज ठरते. ही स्थिती आजची नाही. तिची मुळे एकोणिसाव्या शतकात आहेत.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. नाशिक परिसरातील मद्यविक्रीच्या परवाना पद्धतीतील प्रमुख टप्प्यांचा आढावा घेणे.
२. प्रत्येक टप्प्यात व्यवसायप्रवेशाची किंमत कोणी व कशी ठरविली, हे तपासणे.
३. प्रारंभिक अंदाजपत्रकात परवान्याशी निगडित जोखमीचे स्थान स्पष्ट करणे.

१. घरगुती भट्टीकडून सरकारी दुकानाकडे

इ. स. १८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाल्यावर नाशिकचा प्रदेश इंग्रजांच्या अंमलाखाली आला. प्रारंभीच्या काळात दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क मक्त्याने देण्याची पद्धत होती. मक्तेदार सरकारला ठरावीक रक्कम देई आणि आपल्या क्षेत्रातून ती नफ्यासह वसूल करी. पेठ, कळवण, इगतपुरी या डोंगराळ भागांत राहणाऱ्या कोकणा, वारली, महादेव कोळी व भिल्ल समाजांत मोहाच्या फुलांची दारू घरीच गाळली जात असे. सण, लग्न, मर्तिक व देवकार्य यांत तिला स्थान होते. या दारूचा ‘प्रारंभिक खर्च’ म्हणजे मातीची मडकी, जळण आणि जंगलात वेचलेली फुले एवढाच होता. त्यात रोख पैशाचा प्रश्नच नव्हता.

सन १८७८ च्या मुंबई अबकारी अधिनियमाने हे चित्र मुळापासून बदलले. दारू गाळणे, बाळगणे, वाहून नेणे व विकणे या प्रत्येक कृतीसाठी सरकारी परवानगी आवश्यक झाली. विखुरलेल्या भट्ट्यांऐवजी मध्यवर्ती आसवन्यांत दारू गाळावी, तिच्या तीव्रतेनुसार आसवनीतच कर घ्यावा आणि ती परवानाधारक दुकानांतूनच विकली जावी, हे धोरण टप्प्याटप्प्याने रुजविण्यात आले. शेजारच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत तर १८९२ च्या मोह कायद्याने मोहफुलांच्या साठ्यावरही निर्बंध आणले. दारू ही वस्तू होती तशीच राहिली. बदलली ती तिच्या व्यवसायात शिरण्याची किंमत. मडके व जळण यांच्या जागी आता अनामत, परवाना शुल्क आणि आगाऊ भरावयाचा कर आला. ज्यांच्याकडे रोख भांडवल होते, सरकारी कचेरीत ओळख होती आणि लिखापढीचे ज्ञान होते, अशांच्याच हाती हा व्यवसाय गेला. पश्चिम भारताच्या अनेक भागांत पारशी व्यापारी या क्षेत्रात पुढे आले, त्यामागे हेच कारण होते. कालपर्यंत स्वतःची दारू स्वतः गाळणारा आदिवासी गुन्हेगार किंवा उधारीवरचा गिऱ्हाईक ठरला.

याची प्रतिक्रिया दोन स्तरांवर उमटली. पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये शहरातील वाढत्या दारू दुकानांना लेखी हरकत घेतली. दुकानाच्या परवान्यातून सरकारला उत्पन्न मिळते, परंतु त्याचा भार गरीब कुटुंबांवर पडतो, हा प्रश्न त्यामुळे सार्वजनिक चर्चेत आला. दुसरी प्रतिक्रिया आदिवासी भागातून आली. नाशिकच्या पश्चिमोत्तर सीमेला लागून असलेल्या दक्षिण गुजरातेत १९२२-२३ मध्ये ‘देवी’ची चळवळ पसरली. अंगात आलेल्या देवीच्या आज्ञेने हजारो आदिवासींनी दारू सोडली व पारशी दारूविक्रेत्यांवर बहिष्कार घातला. इतिहासकार डेव्हिड हार्डीमन यांनी या चळवळीचा सविस्तर अभ्यास केला असून तिच्यामागील आर्थिक शोषणाकडे लक्ष वेधले आहे. मद्यविक्रीच्या परवान्याला समाजाच्या संमतीचा आधार नसेल, तर दुकानात गुंतविलेले भांडवल एका हंगामात निरुपयोगी होऊ शकते, हे या चळवळीने दाखवून दिले.

२. दारूबंदी आणि ‘परमिट’ या शब्दाचा जन्म

प्रांतिक काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू करण्यात आली. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ संमत झाला आणि पाठोपाठ राज्यभर दारूबंदी अमलात आली. भारतीय संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या सेवनास प्रतिबंध करण्याचे उद्दिष्ट राज्यापुढे ठेवले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये बलसारा खटल्यात या अधिनियमातील काही तरतुदी रद्द ठरविल्या, तरी त्याचा गाभा वैध मानला.

व्यवसायाच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट होता. दुकान, फर्निचर, पिंपे, गिऱ्हाईक आणि पिढीजात अनुभव हे सर्व असूनही परवाना संपताच व्यवसायाचे मूल्य शून्यावर आले. गुंतवणुकीचा मोठा भाग कायद्याच्या एका निर्णयाने नाहीसा होऊ शकतो, हा अनुभव सर्व थरांतील विक्रेत्यांना एकाच वेळी आला. कायदेशीर व्यवसाय बंद झाला तरी मागणी राहिली. ती हातभट्टीने भागविली आणि तिच्या प्रारंभिक खर्चात शुल्काची जागा दंडाच्या व तुरुंगाच्या भीतीने घेतली.

दारूबंदीच्या या चौकटीत, ज्याच्याकडे सेवनाचा वैयक्तिक परवाना आहे अशा व्यक्तीलाच मद्य देता येत असे. अशा परवानाधारकांना मद्य देण्याचे दालन म्हणून ‘परमिट रूम’ हा शब्द रूढ झाला. १९६० च्या दशकात निर्बंध सैल होत गेले आणि १९७० च्या दशकाच्या प्रारंभी ते बहुतांशी शिथिल झाले. शब्द मात्र टिकून राहिला. नाशिकच्या कोणत्याही रस्त्यावरील ‘परमिट रूम’ची पाटी ही त्या काळाची खूण आहे. मूळ अधिनियम रद्द झालेला नाही. पुढे त्याच्या नावात ‘मुंबई’ऐवजी ‘महाराष्ट्र’ असा बदल झाला, एवढेच. म्हणजेच महाराष्ट्रातील प्रत्येक बार आजही दारूबंदीच्या कायद्याखाली, त्या कायद्यातील सवलत म्हणून चालतो.

३. परवान्याची टंचाई आणि प्रतीक्षेची किंमत

निर्बंध शिथिल झाल्यानंतरची रचना मुंबई विदेशी मद्य नियम, १९५३ आणि महाराष्ट्र देशी दारू नियम, १९७३ यांवर उभी राहिली. सीलबंद विदेशी मद्याच्या किरकोळ विक्रीसाठी एफएल-२, परमिट रूमसाठी एफएल-३ आणि देशी दारूच्या किरकोळ विक्रीसाठी सीएल-३ अशा अनुज्ञप्ती ठरल्या. यांपैकी एफएल-२ व सीएल-३ या प्रकारांतील नव्या अनुज्ञप्ती देणे शासनाने १९७० च्या दशकातच थांबविले. परिणामी जुन्या अनुज्ञप्तींना टंचाईमूल्य आले. नव्या माणसाला या व्यवसायात यावयाचे तर जुन्या परवानाधारकाशी भागीदारी करणे किंवा शासनाच्या मान्यतेने परवाना हस्तांतरित करून घेणे, हेच मार्ग उरले. सरकारी शुल्क तक्त्यात असते, परंतु हस्तांतराची बाजारातील किंमत कोणत्याही तक्त्यात नसते.

एफएल-३ अनुज्ञप्तीबाबत अशी बंदी नसल्यामुळे हॉटेल व्यवसायात येणाऱ्या नव्या पिढीने परमिट रूमचा मार्ग धरला. या अनुज्ञप्तीचे वार्षिक शुल्क गावाच्या वा शहराच्या लोकसंख्येनुसार ठरते आणि तिचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे असते. १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका स्थापन होऊन सातपूर, नाशिक रोड, देवळाली परिसरातील वस्त्या शहरात आल्या. अशा विस्तारामुळे लोकसंख्येचा गट बदलतो व त्याबरोबर शुल्काचा भारही बदलतो. शिवाय शैक्षणिक संस्था व धार्मिक स्थळांपासून ठरावीक अंतर राखण्याची अट असल्याने, मंदिरांनी गजबजलेल्या पंचवटीसारख्या भागात योग्य जागा मिळणेच अवघड होते. जी जागा नियमात बसते तिचे भाडे त्यामुळेच चढे राहते. परवान्याची अट अशा रीतीने जागेच्या खर्चात शिरते.

याहून दुर्लक्षित राहणारा घटक म्हणजे प्रतीक्षा. अनुज्ञप्तीसाठी अर्ज करताना जागेचा हक्क वा भाडेकरार, नकाशा, खाद्यगृहाचा परवाना आणि स्थानिक संस्थेची कागदपत्रे सादर करावी लागतात. अग्निसुरक्षा व अन्नसुरक्षा यांचीही पूर्तता करावी लागते. म्हणजे भाडे आधी सुरू होते, उत्पन्न नंतर. केवळ हिशेबाची रीत स्पष्ट व्हावी म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. दरमहा भाडे ६०,००० रुपये, ठेवलेल्या नोकरांचे वेतन ६०,००० रुपये आणि कर्जावरील व्याज ३०,००० रुपये धरल्यास महिन्याचा रिकामा खर्च १,५०,००० रुपये होतो. परवाना सहा महिने लांबल्यास ९,००,००० रुपये खर्ची पडतात. सजावट व फर्निचरसाठी २०,००,००० रुपये ठेवलेल्या व्यावसायिकाच्या दृष्टीने ही रक्कम त्या तरतुदीच्या ४५ टक्के आहे. हा खर्च कोणत्याही पावतीवर दिसत नाही, आणि बहुतेक प्रकल्प अहवालांत त्याला स्वतंत्र शीर्षही नसते. ज्याच्याजवळ सहा महिने रिकामे बसण्याइतका पैसा आहे, तोच टिकतो. कौशल्याचा प्रश्न त्यानंतर येतो.

४. द्राक्षबागेतून वाईनकडे : सवलतीचे अर्थकारण

नाशिकच्या इतिहासातील पुढचा टप्पा वेगळा आहे, कारण येथे शासनाने प्रवेशाची किंमत वाढविण्याऐवजी कमी केली. राजीव सामंत यांनी गंगापूर परिसरातील कौटुंबिक जमिनीवर १९९७ मध्ये वाईनच्या द्राक्षांची लागवड केली आणि २००० मध्ये ‘सुला’ची पहिली वाईन बाजारात आली. तत्पूर्वी पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे शामराव चौगुले यांच्या ‘शॅटो इंडाज’ने १९८० च्या दशकात या उद्योगाचा पाया घातला होता. या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. वाईनला उत्पादन शुल्कातून सवलत मिळाली, परवान्याची प्रक्रिया सुलभ करण्यात आली, आणि निफाड तालुक्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाईन पार्क उभारण्यात आले.

या धोरणाने द्राक्ष उत्पादकांना प्रथमच मद्य व्यवसायाचे दार उघडून दिले. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याला परवान्याच्या खिडकीपर्यंत पोहोचणेही कठीण होते, असा शेतकरी आता वायनरीचा मालक होऊ शकत होता. अनेकांनी बँकांकडून कर्जे घेऊन स्टीलच्या टाक्या, शीतकरण यंत्रणा व बाटलीबंदीची साधने उभी केली. मात्र शुल्कातील सवलत म्हणजे भांडवलाची बचत नव्हे, हे लवकरच कळून आले. वाईनची द्राक्षे वर्षातून एकदाच, साधारण जानेवारी ते मार्च या काळात काढणीला येतात. त्याच वेळी वर्षभराचा कच्चा माल रोखीने घ्यावा लागतो, आणि तयार वाईनचे पैसे विक्रेत्यांकडून येण्यास कित्येक महिने लागतात. त्यात प्रत्येक राज्याचा कर व नोंदणी वेगळी असल्याने राज्याबाहेरील विक्री पुन्हा नव्या परवान्यांत अडकते. २००८ ची जागतिक मंदी आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईवर झालेला दहशतवादी हल्ला यांमुळे हॉटेल व पर्यटन क्षेत्रातील मागणी घसरली. टाक्या भरलेल्या राहिल्या, कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत. शॅटो इंडाजसारखा मोठा उद्योगही कर्जाच्या ओझ्याखाली कोसळला. नाशिक परिसरातील अनेक लहान वायनऱ्या बंद पडल्या किंवा मोठ्या उद्योगांसाठी कंत्राटी उत्पादन करू लागल्या. शासनाने परवाना स्वस्त केला होता, परंतु खेळत्या भांडवलाची सोय त्या प्रमाणात झाली नव्हती.

जे टिकले त्यांनी विक्रीची जागा स्वतःकडे आणली. २००५ मध्ये सुलाने आपल्या वायनरीतच वाईन चाखण्याचे दालन सुरू केले. ग्राहकाने द्राक्षबागेत येऊन, रोख पैसे देऊन वाईन घ्यावी, या कल्पनेने विक्रेत्याकडील उधारी टळली आणि पर्यटनाचे उत्पन्नही मिळाले. नाशिकच्या भूमीवर बारचे हे नवे रूप होते. भाड्याच्या गाळ्याऐवजी त्याची जागा स्वतःची शेती हीच होती.

५. परवाना आणि समाज : अलीकडील अनुभव

मागील दोन दशकांतील घटनांनी परवान्याची अस्थिरता पुन्हा अधोरेखित केली आहे. २००८ च्या शासकीय आदेशानुसार गावातील वा प्रभागातील मतदारांच्या किंवा महिला मतदारांच्या मागणीवरून मतदान घेऊन मद्यविक्रीचे दुकान बंद करता येते. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या नावाने ते ओळखले जाते. दारूमुळे संसार उद्ध्वस्त झालेल्या स्त्रियांना या तरतुदीने परवान्याच्या प्रश्नावर निर्णायक अधिकार दिला. फुले यांनी १८८० मध्ये मांडलेली हरकत सव्वाशे वर्षांनंतर मतपेटीपर्यंत पोहोचली, असे म्हणता येईल.

सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील मद्यविक्रीस मनाई केली. ही मनाई १ एप्रिल २०१७ पासून प्रभावी होऊ लागली. महामार्गालगत विस्तारलेल्या नाशिकसारख्या शहराला याचा फटका बसणे अटळ होते. ११ जुलै २०१७ रोजी न्यायालयाने नगरपालिका क्षेत्रातील परवान्यांना ही मनाई लागू नसल्याचे स्पष्ट केले. काल जी जागा मोक्याची म्हणून अधिक भाड्याने घेतली होती, तीच काही महिन्यांसाठी अपात्र ठरली होती. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये ती उठविण्यात आली. करोनाच्या साथीत मार्च २०२० पासून बंद राहिलेले बार ५ ऑक्टोबर २०२० रोजी निम्म्या क्षमतेने उघडले. जून २०२५ मध्ये राज्य शासनाने विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्कात मोठी वाढ केली आणि करवाढीच्या निषेधार्थ १४ जुलै २०२५ रोजी राज्यभरातील परमिट रूम व बार बंद ठेवण्यात आले.

या सर्व घटनांमागील कायदेशीर सूत्र सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे. १९७५ च्या हरशंकर खटल्यात आणि १९९४ च्या खोडे डिस्टिलरीज खटल्यात मद्याच्या व्यापाराचा मूलभूत हक्क नागरिकाला नाही, असे न्यायालयाने म्हटले. परवान्यासाठी दिले जाणारे शुल्क ही राज्याने आपला अनन्य अधिकार देऊ केल्याबद्दल घेतलेली किंमत आहे. अंदाजपत्रकाच्या भाषेत सांगावयाचे तर परवाना ही मालमत्ता नसून मुदतीने मिळालेली मुभा आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. नाशिक परिसरात मद्यविक्रीच्या व्यवसायाचा प्रारंभिक खर्च १८७८ पासून प्रामुख्याने शासकीय धोरणाने ठरविला. भट्टीची जागा परवान्याने घेतली तेव्हाच रोख भांडवल नसलेला समाज या व्यवसायाच्या कायदेशीर वर्तुळाबाहेर गेला.

२. परवान्याची टंचाई आणि परवान्याची सवलत या दोन्हींचा लाभ अखेर दीर्घकाळ तग धरू शकणाऱ्या भांडवलालाच झाला. २००१ च्या धोरणाने द्राक्ष उत्पादकाला प्रवेश दिला, परंतु खेळत्या भांडवलाअभावी अनेकांना तो टिकविता आला नाही.

३. प्रारंभिक अंदाजपत्रकात परवाना शुल्काखेरीज प्रतीक्षेचा खर्च, सक्तीच्या बंद काळाचा खर्च आणि परवाना गमावण्याची शक्यता यांची स्वतंत्र तरतूद आवश्यक आहे. वाणिज्य व व्यवस्थापन अभ्यासक्रमांतील प्रकल्प अहवालाच्या नमुन्यात ही शीर्षे समाविष्ट केल्यास विद्यार्थ्यांना या व्यवसायाचे वास्तव कळू शकेल.

४. मद्यविक्रीच्या हिशेबात ज्यांचा खर्च कधीच मांडला जात नाही, असा एक पक्ष कायम राहिला आहे. पेठच्या आदिवासीपासून प्रभागातील मतदानासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या स्त्रीपर्यंत तो विस्तारलेला आहे. त्या पक्षाचा आवाज परवान्याच्या भवितव्यावर परिणाम करतो, हे इतिहासाने वारंवार सिद्ध केले आहे. त्यामुळे आसपासच्या समाजाची संमती हीसुद्धा या व्यवसायाच्या भांडवलाचाच भाग मानली पाहिजे, आणि ती शुल्क भरून मिळत नाही.